गाडीतली दुसरी बॅटरी रोज पूर्ण भरायची तर: आडवाटेच्या प्रवासासाठी चार्जिंगची जोडणी

पहाटे साडेतीनला फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि त्या शांततेनेच मला जाग आली. हेडटॉर्च लावून बॅटरीच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला, तर १२.३ व्होल्ट. म्हणजे निम्मा चार्ज अजून शिल्लक होता. मग मीटरच्या पिना फ्रिजच्या सॉकेटला धरून थांबलो. थोड्या वेळाने कॉम्प्रेसरने पुन्हा सुरू व्हायची धडपड केली आणि त्या क्षणी आकडा ११.३ वर घसरला. फ्रिज स्वतःहून बंद झाला, आकडा परत १२.३. बॅटरी ठणठणीत होती. मधल्या चार मीटर बारीक वायरने आणि ढिल्या सिगारेट-लायटर सॉकेटने मिळून एक व्होल्ट खाल्ला होता.

त्या रात्रीपासून मी बॅटरीच्या आकाराआधी तिच्याकडे येणारी आणि तिच्यापासून निघणारी वाट बघतो. बहुतेक जण उलटं करतात. आधी मोठी बॅटरी घेतात, मग उरलेल्या पैशांत मिळेल ती वायर ओढतात, आणि ती बॅटरी आयुष्यात एकदाही पूर्ण भरत नाही. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहिली की प्लेटांवर साचलेलं लेड सल्फेट कडक होतं आणि मग ते चार्जिंगनेही पूर्ण निघत नाही. दोन हंगामांत बॅटरी गेली अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो, ती उपाशी ठेवलेली असते.

आधी कागद-पेन्सिल

दिवसभरात किती वीज लागते ते अँपिअर-तासांत, म्हणजे एएचमध्ये, मांडा. वस्तू किती अँपिअर घेते गुणिले किती तास चालते, इतकंच गणित आहे. चाळीस-पंचेचाळीस लिटरचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो, पण तो सतत चालत नाही. चोवीस तासांतला ४० टक्के वेळ धरला तर ३८ एएच होतात. कडक उन्हात बंद गाडीत हाच आकडा ५० कडे सरकतो. दोन एलईडी दिवे संध्याकाळी चार तास, मिळून ४ एएच. फोन, कॅमेरा, टॉर्च यांचे ६. साठ वॉटचा लॅपटॉप दोन तास, सुमारे ११. पाण्याचा पंप मोजून १. बेरीज ६०. वर वीस टक्के जास्त धरा, म्हणजे रोजचे साधारण ७० एएच.

इन्व्हर्टरचा विचार इथेच करून टाका. हजार वॉटची किटली किंवा शेगडी इन्व्हर्टरवर लावली की बारा व्होल्टच्या बाजूला नव्वदहून अधिक अँपिअर वाहतात. तेवढ्या करंटसाठी बॅटरी, केबल, फ्यूज सगळं वेगळ्या मापाचं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाक गॅसवर करा, वीज फ्रिजला आणि दिव्यांना ठेवा.

आता दुसरी बाजू. रोज इंजिन किती तास चालतं? मुक्काम एकाच जागी किती दिवस असतो? रोज तीन तास गाडी चालत असेल आणि चार्जर ३० अँपिअरचा असेल, तर लिथियम बॅटरीला तेवढ्यात ९० एएच मिळतात. रोजचा खर्च निघून वर उरतात. तीन दिवस एकाच जागी तळ ठोकणाऱ्याला मात्र सोलरशिवाय गत्यंतर नाही. हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

कोणती बॅटरी

सेल्फ मारणारी बॅटरी आणि राहण्या-खाण्यासाठीची बॅटरी वेगळीच हवी. पहिलीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच भरून घ्यायचं, हे तिचं काम. तिला रात्रभर फ्रिज ओढायला लावलं तर ती लवकर मरते, आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. मोबाइलची रेंज नसलेल्या जागी ही गोष्ट गंमतीची नसते.

दुसऱ्या बॅटरीसाठी खरी निवड एजीएम (काचतंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवलेली, बंद लेड-ॲसिड बॅटरी) आणि लिथियम आयर्न फॉस्फेट या दोघींत आहे. शंभर एएचची एजीएम तीस किलोच्या आसपास भरते आणि तिचं आयुष्य राखायचं तर त्यातले ५० एएचच वापरायचे. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बारा-तेरा किलोची असते आणि ८० एएच निर्धास्त वापरता येतात. पण मला सगळ्यात मोठा फरक भरण्याच्या वेगात वाटतो. निम्म्यावर आलेली एजीएम २५ अँपिअरने सव्वा-दीड तासात ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, मग स्वतःच करंट कमी कमी घेऊ लागते. शेवटच्या वीस टक्क्यांना चार-पाच तास लागतात, चार्जर कितीही मोठा लावा. म्हणून रोज तीन तास चालणाऱ्या गाडीत एजीएम नुसत्या अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरवर, कधीच शंभर टक्क्यांना पोचत नाही. लिथियम जवळपास शेवटपर्यंत पूर्ण करंट घेत राहते, आणि ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.

लिथियमची अडचण थंडी आणि उष्णता. शून्य अंशाखाली तिला चार्ज केलं की आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. आतल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून धोका दिसला की तिला तोडणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे घेतानाच विचारा. आणि ती बॉनेटखाली कधीही बसवू नका. इंजिनची धग एजीएमलाही सोसवत नाही, लिथियमला तर नाहीच. जागा मागच्या भागात, शक्यतो मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि खाली. बॅटरीचा ट्रे बॉडीला बोल्टने आवळा. लवचीक पट्ट्याने बांधलेली तीस किलोची वस्तू गाडी उलटली तर आत बसलेल्यांवर येते. पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी केबिनमध्ये ठेवूच नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

अल्टरनेटरकडून येणारी वाट

जुन्या गाड्यांत व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, पुरत असे. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद होऊन ते १२.८ वर आलं की तोडतो. अल्टरनेटर कायम १४.२-१४.४ देत असेल, वायर जाड असेल आणि दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील, तर ही साधी जोडणी आजही चालते.

नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हुकमात असतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो आणि उतारावर पाय काढला की पंधराच्या जवळ नेतो. असल्या गाडीत रिले मध्येच सुटतो, मध्येच लागतो आणि बॅटरी भरतच नाही. इथे डीसी-डीसी चार्जर हवा. तो आत येईल ते व्होल्टेज घेऊन बाहेर बॅटरीला हवं तेच देतो: आधी पूर्ण करंट, मग स्थिर व्होल्टेज, मग नुसतं राखण्यापुरतं. एजीएमसाठी दुसऱ्या टप्प्यात साधारण १४.४ ते १४.७ आणि राखायला १३.५ ते १३.८, लिथियमसाठी १४.२ ते १४.६. जेल बॅटरीला १४.४ च्या वर जाऊ देऊ नका. नेमका आकडा बॅटरीच्या कागदावर असतो, तोच चार्जरमध्ये भरा.

लिथियम असेल तर गाडी कितीही जुनी असो, डीसी-डीसी चार्जरच लावा. त्याची दोन कारणं आहेत. लिथियम समोर येईल तेवढा करंट ओढते. रिलेतून थेट जोडली तर चढावर, कमी वेगात, पंख्याची हवा पुरत नसताना अल्टरनेटर आपली पूर्ण ताकद लावत बसतो आणि जळतो. आणि चार्ज चालू असताना बीएमएसने अचानक बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. मधला चार्जर हे दोन्ही धोके अडवतो.

चार्जर किती अँपिअरचा? अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा हा भरपूर आरपीएमचा असतो. आयडलिंगला आणि इंजिन तापल्यावर तो खूप खाली येतो. त्यातून गाडीचे दिवे, पंखे, एसी आणि इंजिनची स्वतःची वीज वजा करा. शंभर अँपिअरच्या अल्टरनेटरवर मी ३० च्या चार्जरपुढे जात नाही. ४० चा चार्जर बाहेर ४० देण्यासाठी आत पन्नासहून अधिक ओढतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

चार्जर दुसऱ्या बॅटरीच्या शेजारी, एक मीटरच्या आत बसवा. लांबचा पल्ला आत येणाऱ्या बाजूला असू द्या, कारण तिथली घट चार्जर भरून काढतो. बाहेरच्या बाजूची घट कोणीच भरून काढत नाही. चार्जर तापतो आणि तापला की करंट कमी करतो, म्हणून भोवती हवा खेळू द्या. त्याला गालिच्याखाली किंवा सीटच्या फोममध्ये कोंबू नका. नव्या गाडीत इंजिन चालू असल्याची खूण देणारी बारीक वायर चार्जरला द्यावीच लागते. ती इग्निशनच्या एखाद्या फ्यूजवरून टॅप करा. आणि सेल्फच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असेल, तर आपली निगेटिव्ह वायर टर्मिनलला लावू नका. ती सेन्सरच्या पलीकडे बॉडीच्या अर्थिंग बोल्टला जोडा, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशोब चुकत राहतो.

वायर, थिंबल, फ्यूज

हा भाग नीट झाला की निम्म्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत, म्हणून इथे घाई करू नका.

तांब्याच्या वायरमधली घट काढायचं सूत्र सोपं आहे: २ गुणिले एका बाजूची लांबी मीटरमध्ये, गुणिले करंट, गुणिले ०.०१७५, भागिले वायरचा छेद स्क्वेअर एमएममध्ये. दोनने गुणायचं, कारण करंट जातो तसा परतही येतो. तीस अँपिअरचा चार्जर आत साधारण ४० ओढतो आणि बॉनेटपासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर वायर लागते, असं धरू. ६ स्क्वेअर एमएमला १.१७ व्होल्टची घट येते. १० ला ०.७, १६ ला ०.४४, २५ ला ०.२८. चार्जर लावणार असाल तर १६ पुरते. रिले लावणार असाल तर २५ घ्या, कारण तिथे गेलेला प्रत्येक दशांश बॅटरीच्या पोटातून जातो. चार्जर ते बॅटरी हा एक मीटरचा तुकडा १० स्क्वेअर एमएमचा घेतला तर ३० अँपिअरला ०.१ व्होल्टच जातो. फ्रिजलाही ४ किंवा ६ ची स्वतंत्र वायर बॅटरीजवळच्या फ्यूज-बॉक्सपासून थेट द्या आणि सिगारेट-लायटरच्या सॉकेटऐवजी स्क्रूने किंवा खटक्याने पक्का बसणारा कनेक्टर लावा. माझ्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती एवढीच होती, त्यानंतर फ्रिज रात्री थांबलेला नाही.

दुकानात वायर घेताना वरच्या आवरणाच्या जाडीवर जाऊ नका. काही वायर नुसत्या प्लॅस्टिकनेच जाड असतात, आणि काही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. टोक सोलून बघा, तारेवर ब्लेड घासा. सोलल्याबरोबर तार पांढरी दिसली तर दोन शक्यता आहेत: कथलाचा मुलामा दिलेलं तांबं, जे उत्तम, किंवा ॲल्युमिनियम, जे नको. घासल्यावर लाल दिसलं पाहिजे.

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, हातोडीने किंवा पकडीने दाबू नका. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्याने आणा. नीट दाबलेलं थिंबल सरावासाठी एकदा करवतीने मधोमध कापून बघा. आतल्या तारा वेगळ्या ओळखूच येत नाहीत, भरीव नाण्यासारखा एकसंध गोळा दिसतो. तारांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर तिथे ओल शिरणार, गंज चढणार आणि सांधा तापणार. सोल्डरचा डाग देऊन काम भागवायचा मोह होतो, पण सोल्डर वायरमध्ये वर चढतं आणि ती तिथे काडीसारखी ताठ होते. खडबडीत रस्त्याच्या थरथरीने ती नेमकी त्याच जागी तुटते. क्रिंपवर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, सगळीकडे नालीदार पाइप, आणि दर वीत-दीड वीत अंतरावर क्लॅम्प. सायलेन्सर, स्टिअरिंग आणि हलणाऱ्या सस्पेन्शनपासून लांब. परतीच्या वाटेसाठी बॉडीवर विसंबण्यापेक्षा निगेटिव्हचीही तेवढीच जाड वायर मागेपर्यंत ओढणं मला पसंत आहे. बॉडीचं अर्थिंग घ्यायचंच असेल तर रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या.

फ्यूज वायरसाठी असतो, उपकरणासाठी नाही, ही एक गोष्ट पक्की धरा. पाच मीटरच्या त्या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठेही ती घासून पत्र्याला टेकली तर दोन्हीकडून करंट येणार. म्हणून दोन्ही टोकांना, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवाच. वरच्या उदाहरणात आतल्या बाजूला ५० अँपिअरचा आणि बाहेरच्या बाजूला ४० चा बसतो. लिथियमच्या टर्मिनलजवळचा मुख्य फ्यूज क्लास-टी प्रकारचा घ्या. शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी हजारो अँपिअर ओकते, आणि साधा फ्यूज वितळूनही आतल्या ठिणगीतून करंट चालू राहू शकतो.

छपरावरचं ऊन

दोनशे वॉटचं पॅनल दोनशे वॉट देत नाही. छपरावर सपाट, तापलेलं, धूळ बसलेलं पॅनल सत्तर टक्के देईल असं धरा. पाच तासांच्या चांगल्या उन्हाला ७०० वॉट-तास, म्हणजे बॅटरीत सुमारे ५० एएच. रोजच्या ७० च्या खर्चात २० ची तूट राहते. शंभर एएचची लिथियम ही तूट तीन-चार दिवस सहज सोसते.

पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला कंट्रोलर एमपीपीटी घ्या, म्हणजे पॅनलला त्याच्या सर्वाधिक वीज देणाऱ्या व्होल्टेजवर ठेवणारा. पॅनल अठराच्या आसपास व्होल्टला सर्वाधिक काम करतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि मधली वीज वाया जाते. दोन पॅनल असतील आणि झाडाची किंवा कॅरिअरवरच्या सामानाची सावली पडत असेल, तर समांतर जोडा, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याला खात नाही. सिरीजमध्ये जोडाल तर दोन्हींचं ओपन-सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता पॅनलवर दिसणारं व्होल्टेज) मिळवून कंट्रोलरच्या मर्यादेशी ताडून पाहा, आणि थंडीत ते आणखी वाढतं हे लक्षात ठेवा. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

घरच्या विजेवर चालणारा चार्जर प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्रीपुरता लागतो. त्याचं सेटिंग बॅटरीच्या प्रकाराशी जुळलं पाहिजे, आणि २३० व्होल्टची बाजू गळती पकडणाऱ्या ब्रेकरवरूनच घ्या.

जोडणी आणि पहिली परीक्षा

अंगठी, घड्याळ काढून ठेवा. सेल्फच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडवा. सगळे फ्यूज बाहेर ठेवूनच वायर बसवा. काम झाल्यावर, फ्यूज घालायच्या आधी, पॉझिटिव्ह वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. शून्याजवळ आकडा आला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे, ती शोधा. दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजून मीटरला शिल्लक कळवणारी पट्टी, बसवा आणि तिच्या निगेटिव्हला जाणारी प्रत्येक वायर शंटच्या पलीकडूनच घ्या. एक जरी थेट टर्मिनलला लावली तरी मीटर खोटं बोलतो. लिथियममध्ये हा शंट लागतोच, कारण तिचं व्होल्टेज बहुतेक वेळ १३.२-१३.३ वर सपाट राहतं आणि त्यावरून शिल्लक कळत नाही. पहिल्यांदा बॅटरी शंभर टक्के भरा आणि मीटरला तो बिंदू दाखवा.

आता फ्यूज घाला, निगेटिव्ह शेवटी जोडा, इंजिन सुरू करा. दुसरी बॅटरी मुद्दाम थोडी उतरवलेली असू द्या, म्हणजे चार्जर पूर्ण करंट देईल. मीटरची एक पिन सेल्फच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी चार्जरच्या आतल्या पॉझिटिव्हवर धरा. जो आकडा दिसतो ती त्या एका वायरची घट. १६ स्क्वेअर एमएमच्या आपल्या उदाहरणात तो ०.२ च्या जवळ हवा. ०.५ दिसला तर एखादं थिंबल किंवा फ्यूज-होल्डर खराब बसलाय. निगेटिव्हच्या बाजूनेही हेच करा. अर्ध्या तासाने प्रत्येक सांध्याजवळ हात न्या. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर इंजिन बंद करून तो सांधा पुन्हा करा.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर, सेल्फच्या बॅटरीवरच ठेवा आणि इंजिन चालू ठेवूनच वापरा. तिचा शेकडो अँपिअरचा ओढा दुसऱ्या बॅटरीच्या बीएमएसला झेपत नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर, आणि प्रत्येक लांब खडबडीत पल्ल्यानंतर, टर्मिनलचे नट पान्याने तपासा. नदी-ओढा पार केला असेल तर फ्यूज-होल्डर उघडून ओल बघा. डब्यात प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज, मीटरभर वायर, चार थिंबल आणि मल्टिमीटर असू द्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लिथियम निम्म्यावर आणून तिचा मेन स्विच बंद करा. एजीएम मात्र पूर्ण भरून ठेवा आणि मध्ये एकदा पुन्हा भरा.